सी-पेप्टाइड आणि बेसनाचे लाडू

माझ्या सासूबाईंनी मुलींच्या शाळेत जन्मभर भूमिती शिकवली, त्यामुळे आमच्या घरात कुठलीही गोष्ट सिद्ध झाल्याशिवाय खरी मानायची पद्धत नव्हती. दूधवाला म्हणाला, "आज दूध घट्ट आहे ताई," तर त्या म्हणायच्या, "ते आम्ही तापवून ठरवू." लग्न करून मी कर्वेनगरच्या त्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सांगून टाकलं, "आमच्याकडे बोलणं बेताचं असतं. रुसवेफुगवे आम्हाला परवडत नाहीत. काही हवं असेल तर सरळ मागायचं." मला हे फार आवडलं होतं. माझ्या माहेरी दिवसभर सगळे एकाच वेळी बोलत असत आणि संध्याकाळपर्यंत कोणाला काय हवं होतं ते कोणालाच कळलेलं नसे. इथे सासूबाई जेवढं बोलायच्या तेवढं मोजकं, कोरडं आणि बहुतेक वेळा खरं असायचं. मीही काही गोड बोलणारी नव्हते. आमचं जमलं. कोणाला सांगून पटलं नसतं इतकं जमलं.

मी जवळच्याच एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करत होते. नवरा कामानिमित्त नाशिकला असायचा आणि रविवारपुरता घरी यायचा. मुलगी नुकतीच पहिलीत गेली होती. सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. सकाळी टेकडी, मग वर्तमानपत्र, मग बँकेत किंवा पोस्टात एक फेरी, असा त्यांचा दिवस. ही गोष्ट नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची आहे. कर्वेनगरात तेव्हा अजून मोकळे प्लॉट होते आणि कोथरूडला जाताना डाव्या हाताला चक्क गवत दिसायचं.

माझं वय तेव्हा पस्तिशीच्या आसपास. उन्हाळा सरला तरी माझी तहान सरेना. ग्रंथालयात टेबलाखाली मी पाण्याची मोठी बाटली ठेवू लागले, आणि दर तासाला उठून जावं लागतं म्हणून आमचे ग्रंथपाल चष्म्यावरून बघू लागले. ब्लाउज सैल झाले. सोसायटीतल्या बायका जिन्यात अडवून विचारायच्या, "कुठला डाएट करतेस गं? आम्हालाही सांग ना." मी हसून म्हणायचे, सासूच्या हातचं खाते. बायकांना तो विनोद फार आवडायचा. वर गेल्यावर मात्र मला दम लागलेला असायचा.

आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं आणि साखर निघाली. म्हातारे, प्रेमळ डॉक्टर होते. आमच्या मुलीचे सगळे खोकले त्यांनीच बरे केलेले. "इतक्या लवकर?" असं म्हणत त्यांनी चुकचुक केली, गोळ्या लिहून दिल्या आणि सासूबाईंकडे बघून म्हणाले, "आता हिच्या ताटावर तुमचं लक्ष हवं." हे त्यांनी ज्या बाईला सांगितलं तिला त्यांनी ओळखलं नव्हतं. लक्ष ठेवणं हा सासूबाईंचा पेशाच होता.

दुसऱ्या दिवसापासून माझं ताट म्हणजे आखून दिलेली आकृती झाली. एक ज्वारीची भाकरी, वाटीभर पालेभाजी, वाटीभर उसळ, ताक. भात बंद. बटाटा बंद. केळं, चिकू, आंबा यांची नावंसुद्धा बंद. सकाळी कारल्याचा रस, त्याच्यावर रात्रभर भिजवलेली मेथी, दुपारी जांभळाच्या बियांची पूड. संध्याकाळी सासऱ्यांबरोबर टेकडीच्या पायथ्यापर्यंत चालणं. हे सगळं सासूबाई न चुकता करून द्यायच्या आणि मी न चुकता करायचे. आम्हा दोघींचाही शिस्तीवर देवापेक्षा जास्त विश्वास होता. आमच्या गावात तो पुष्कळांचा असतो. माणूस आजारी पडला म्हणजे त्याचं काहीतरी वेळापत्रक चुकलं असणार, आणि वेळापत्रक सुधारलं की तो बरा होणार, याबद्दल आम्हाला शंका नसते.

एक गोष्ट माझ्या पुष्कळ उशिरा लक्षात आली. सासूबाईंना चहा गोड लागायचा, अगदी पाकासारखा. माझा बिनसाखरेचा चहा सुरू झाला त्या दिवसापासून त्यांनीही साखर सोडली होती. एकदा चुकून मी त्यांच्या कपातला घोट घेतला आणि तो माझ्याइतकाच कडू निघाला. मी त्यांच्याकडे बघितलं तर म्हणाल्या, "पावडर बदलली आहे." पावडर तीच होती.

इतकं सगळं करून साखर उतरेना. महिन्याने तपासली तर वाढलेली. डॉक्टरांनी गोळी वाढवली. पुन्हा तपासली, पुन्हा वाढलेली. आणखी गोळी. डॉक्टर रागावले नाहीत, उलट जास्तच प्रेमाने म्हणाले, "हे बघ बेटा, तोंडावर ताबा हवा. सणवार असतात, मोह होतो, मी समजू शकतो. पण घरच्यांपासून लपवू नये." मी म्हटलं, "डॉक्टर, मी काही खात नाही." ते समजूतदारपणे हसले. असं सगळेच म्हणतात, असं त्या हसण्यात होतं. सासूबाई शेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी पर्स उघडली, बंद केली आणि उठल्या.

आणि नेमकं त्याच सुमारास आमच्या घरातल्या लाडवांना पाय फुटले.

सासूबाई दर महिन्याला बेसनाचे लाडू करायच्या. बेसन इतकं खमंग भाजायच्या की खालच्या मजल्यावरचे काका जिन्यातून ओरडून विचारायचे, "आज लाडू का?" येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावर ठेवायला, नाशिकला डब्यात द्यायला असे लाडू घरात लागतच. आता हे लाडू डब्यात रचायच्या त्याही भूमितीने. तळाला गोल, मधे एक, आणि मग प्रत्येक तीन लाडवांच्या मधल्या खाचेत वरचा एक. एकही लाडू उचलला की वरचे कलंडायचे. मोजायची गरजच नव्हती, डबा स्वतःच चहाडी करायचा. मुलगी लाडवाला शिवत नसे, बेसन टाळ्याला चिकटतं म्हणून. नवरा नाशिकला. सासऱ्यांना डॉक्टरांनी तूप बंद केलं होतं आणि ते पथ्य पाळायचे. निदान जेवताना पोळीवर तूप घेत नव्हते. उरलं कोण? जी बाई महिनोन् महिने कारल्यावर जगतेय आणि जिची साखर तरीही वर चढतेय, ती.

सासूबाईंनी मला काहीही विचारलं नाही. त्यांनी मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण त्या फक्त हवेत बोलायच्या. जेवायला बसलो की डाव्या हाताने आमटी ढवळत म्हणायच्या, "आपल्याकडे आजकाल डब्यातली वस्तू डब्यात राहत नाही." किंवा, "माणसाने दुसऱ्याला फसवावं, स्वतःच्या रक्ताला फसवू नये. ते रिपोर्टात येतं." सासरे मान खाली घालून जेवत राहायचे. मला वाटायचं, माझी लाज त्यांना बघवत नाही. मी त्या दोघांसमोर शांतपणे भाकरी मोडत असे. मला कोणी विचारलेलंच नाही तर मी नाही कशाला म्हणू? कर नाही त्याला डर कशाला, असं म्हणून मी मान ताठ ठेवायचे. आणि ती ताठ मान बघून सासूबाईंना वाटायचं, चोर तो चोर वर शिरजोर.

बाहेरच्या माणसाला हे खुळेपणाचं वाटेल. दोन सुशिक्षित बायका एका ओट्याशी उभ्या राहतात, एक कणीक मळते, दुसरी भाजी चिरते, आणि एक साधा प्रश्न वर्षभर दोघींच्या मधे पडून राहतो. पण आमची जातकुळीच तशी. संशयाने विचारणं त्यांच्या सभ्यतेत बसत नव्हतं आणि न विचारता खुलासा करणं माझ्या. बाकी काही बिघडलं नव्हतं. मला ताप आला तर त्या रजा काढायला लावायच्या, माझ्या पायांना तेल लावायच्या, मुलीचा अभ्यास घ्यायच्या. त्यांच्या हातांचं माझ्यावर प्रेम होतं, फक्त डोळ्यांचा विश्वास उडाला होता. आणि मला तेच सहन होत नव्हतं. साखरेची भीती मला वाटायचीच. पण ज्या बाईचं मत मी जगात सगळ्यात जास्त मानत होते तिच्या नजरेत मी खोटी ठरत होते, याचं दुःख त्या भीतीपेक्षा मोठं होतं. तेव्हाही मोठं होतं आणि आता विचार करतानाही ते लहान वाटत नाही.

पुढचा उन्हाळा आला तोवर मी वाळून गेले होते. सासूबाईंनी ताटातली भाकरी अर्धी केली, कारण साखर वाढलेली. मी विरोध केला नाही. भूक लागायची, खूप लागायची, पण मीही मनाशी म्हणत होते की अर्धीच भाकरी बरोबर असेल. घरात आंब्याची पेटी आली, तेव्हा सासूबाईंनी ती शेजारी ठेवायला दिली आणि मुलीला तिकडे जाऊन खायला सांगितलं. एकदा ग्रंथालयात वरच्या फळीवरचं पुस्तक काढताना मी शिडीवरच बसून राहिले. उतरायचं बळ नव्हतं. ग्रंथपालांनी चष्मा काढून ठेवला आणि स्वतः रिक्षा आणली.

त्या रविवारी नवऱ्याने मला बघितलं आणि पहिल्यांदाच आपल्या आईपुढे आवाज चढवला. त्याच्या कंपनीतल्या कोणीतरी डेक्कनजवळच्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं होतं. मधुमेहाच्याच डॉक्टर, नव्या आलेल्या. सोमवारी त्याला नाशिकला परतावं लागलं, म्हणून माझ्याबरोबर सासूबाई आल्या.

डॉक्टरीणबाई माझ्याहूनही लहान असाव्यात. त्यांनी माझे जुने रिपोर्ट एका बाजूला ठेवले, मला वजनकाट्यावर उभं केलं, जिभेकडे बघितलं आणि विचारलं, "जेवता काय?" मी उत्तर द्यायच्या आत सासूबाईंनी सगळं ताट म्हणून दाखवलं. वाटीच्या मापासकट. डॉक्टर ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढ्यावर तर माझ्या घरची मांजरही राहणार नाही." सासूबाईंना कोणी असं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मग डॉक्टर म्हणाल्या की एक तपासणी करून हवी आहे, सी-पेप्टाइड नावाची. एकदा उपाशीपोटी आणि एकदा जेवणानंतर, साखरेबरोबर.

सासूबाईंनी विचारलं, "त्याने काय कळतं?" डॉक्टरांनी कागद ओढला. शरीर इन्सुलिन करतं ते आधी एक लांब साखळी म्हणून करतं, त्यांनी एक रेघ काढली. मग ती साखळी तोडली जाते. दोन्ही टोकांचं मिळून इन्सुलिन होतं आणि मधला हा तुकडा सुटा पडतो. जितकं इन्सुलिन, तितके तुकडे. दोन्ही रक्तात एकदमच येतात. तुकड्याचं साखरेशी काही काम नाही, पण तो मोजला की शरीर स्वतःचं इन्सुलिन किती करतंय ते समजतं. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमधे हा तुकडा नसतो, म्हणून फसगत होत नाही. "काही जणांत शरीर स्वतःच आपल्या इन्सुलिनच्या पेशी मारून टाकतं," त्या म्हणाल्या. "लहान मुलांत होतं ते झपाट्याने होतं. मोठ्या माणसांत कधीकधी सावकाश होतं, आणि मग सगळ्यांना वाटतं की हा नेहमीचाच मधुमेह आहे." सासूबाईंनी तो कागद मागून घेतला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला. आकृती असलेला कागद त्या सोडत नसत.

रक्त दिलं. ते मुंबईला जाणार होतं. रिपोर्ट येईपर्यंतच्या दिवसांत लाडवांबद्दल कोणी काही बोललं नाही, कारण त्या महिन्यात सासूबाईंनी लाडूच केले नव्हते. मी देवाला हात जोडणारी बाई नाही, पण त्या दिवसांत मी जे मागत होते ते ऐकून देव चक्रावला असता. माझ्या शरीरात काही म्हणजे काही शिल्लक नसू दे, असं मी मागत होते. साखर माझ्या तोंडामुळे वाढलेली नाही हे एकदा कोणीतरी लिहून द्यावं, मग पुढे काय व्हायचं ते होवो.

रिपोर्टात नुसता आकडा नव्हताच. आकड्याच्या आधी 'पेक्षा लहान'चं चिन्ह होतं, शाळेत असतं तसं, तोंड उघडं ठेवलेलं. उपाशीपोटीही आणि जेवणानंतरही. सासूबाईंनी ते वाचलं आणि डॉक्टरांना विचारलं, "म्हणजे शून्य?"

"शून्य म्हणता येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मशिनला जे सगळ्यात कमी मोजता येतं, त्याच्याही खाली आहे. त्याच्या खाली मशिनला दिसत नाही."

अशा उत्तराने एरवी सासूबाई खूश झाल्या असत्या. त्या दिवशी त्यांनी फक्त मान हलवली. डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "हा टाइप वन आहे. गोळ्यांनी काही होणार नव्हतं. शरीर इन्सुलिन करतच नाही, तर गोळी कुणाला कामाला लावणार? तुम्ही पाणी पिऊन राहिला असतात तरी साखर वाढलीच असती. उपाशी राहून तुम्ही फक्त वजन घालवलंत. आजपासून इन्सुलिन घ्यायचं आणि पोटभर जेवायचं." मग जरा थांबून म्हणाल्या, "यात तुमची काही चूक नव्हती."

मी तिथेच रडले. इतकं मोठं आजारपण जन्मभरासाठी गळ्यात पडलं आणि मी सुटकेने रडत होते. सासूबाई उठून भिंतीवरचा पायांच्या काळजीचा तक्ता वाचू लागल्या. त्या तक्त्यावर फार मजकूर नव्हता, तरी त्यांना बराच वेळ लागला.

रिक्षा कर्वे रस्त्याला लागली तशी मी वाट बघू लागले. एक शब्द पुरला असता. सासूबाई समोर बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "डॉक्टरांचं पटलं मला. पण एक लक्षात घे. लाडू खाल्ले असतेस तरी साखर वाढली असती, नसते खाल्लेस तरी वाढली असती. म्हणजे या रिपोर्टने तू ते खाल्ले नाहीस हे सिद्ध होत नाही."

माझ्या अंगाची आग झाली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यांचं बरोबर होतं. मी मुंबईहून आलेला तो कागद निर्दोषपणाचा दाखला म्हणून उराशी धरून बसले होते, आणि या बाईने सिग्नलला रिक्षा उभी असताना त्यातली फट मला दाखवली. लाडू हा शब्द आमच्यात पहिल्यांदाच उघड उच्चारला गेला होता. मी म्हटलं, "आई, तुम्ही मला वर्षभरात एकदा तरी विचारलंत का?"

रिक्षावाल्याने आरशातून आमच्याकडे बघितलं आणि सिग्नल सुटायच्या आधीच गाडी काढली.

घरी आल्यावर सासऱ्यांना सगळं समजावून सांगायचं काम सासूबाईंनीच केलं. डॉक्टरांची आकृती टेबलावर पसरली, पण सासऱ्यांना साखळी काही कळेना. मग त्या म्हणाल्या, "हे बघा. आपण घरी मटार सोलतो तेव्हा टरफलं पडतात ना? टरफलं बघून सांगता येतं, घरात किती मटार सोलले. बाजारातून सोललेले मटार आणले तर टरफल नाही. हे पेप्टाइड म्हणजे टरफल. हिच्या टोपलीत टरफलच नाही."

"म्हणजे हिच्याकडे मटार आलेच नाहीत," सासरे म्हणाले.

"आता रोज बाजारातून आणायचे," सासूबाई म्हणाल्या आणि इन्सुलिनची बाटली फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या कप्प्यात ठेवली. आमच्याकडे अंडी येत नसत, तो कप्पा पहिल्यांदाच कामाला आला.

पहिलं इंजेक्शन मला घेता येईना. सुई हातात धरून मी मांडीकडे बघत बसले. सासूबाईंनी दुपारभर एका मोसंब्यावर सराव केलेला होता, ते मोसंबं ओट्यावर चाळण होऊन पडलं होतं. त्यांनी माझ्या हातातून सिरिंज घेतली, हवेचा बुडबुडा काढला, कातडीची चिमूट धरली आणि सुई सरळ आत घातली. दुखलं नाही. "नव्वद अंशात," त्या म्हणाल्या. मग घड्याळाकडे बघत अर्धा तास बसल्या आणि मला जेवायला वाढलं. भात वाढला. वर्षभराने मी भात खाल्ला. त्या समोर बसून म्हणत होत्या, "अजून घे. वाढलेलं टाकायचं नाही." ज्या हाताने भाकरी अर्धी केली होती तोच हात आता ताटात आणखी एक पोळी टाकत होता. मला त्यांच्यावर राग धरायचा होता. पण पोटात अन्न गेलं की राग धरून ठेवणं किती अवघड असतं, ते मला तेव्हा कळलं.

साखर उतरली. महिन्याभरात माझे ब्लाउज पुन्हा अंगाला बसू लागले आणि जिन्यातल्या बायकांनी डाएट कुठला ते विचारणं बंद केलं. सासूबाई रोज दोन्ही वेळा सिरिंज भरायच्या, एकदाही चुकल्या नाहीत. माझ्या रिक्षातल्या प्रश्नाला मात्र त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. मी पुन्हा विचारलं नाही. त्यांच्या सेवेत काडीची कसर नव्हती, पण मला सेवा नको होती. त्यांनी एकदा मला खरी म्हणावं एवढंच मला हवं होतं, आणि ते कुठल्याच रक्ततपासणीत निघणार नव्हतं.

मग त्यांनी पुन्हा लाडू केले. घरभर भाजलेल्या बेसनाचा वास. डॉक्टरांनी सांगितलं होतं की इन्सुलिनचा हिशेब ठेवून कधीतरी गोडाचा घास चालेल. संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो, मुलगी शेजारी खेळायला गेली होती. जेवण होत आलं तशा सासूबाई उठल्या, डबा आणून टेबलावर ठेवला, पण झाकण उघडलं नाही. दोन्ही हात झाकणावर ठेवून त्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. वर्गात मुलीला फळ्याशी बोलवायच्या तेव्हा अशाच उभ्या राहत असतील.

"तू म्हणालीस ते खरं आहे. मी विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "विचारणं माझं काम होतं. मी डबा बघत बसले. आता विचारते. गेल्या वर्षी या डब्यातले लाडू तू खाल्लेस का?"

"नाही," मी म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या.

एवढंच. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. ना पुरावा मागितला, ना उलट प्रश्न केला. त्यांनी झाकण काढलं, वरचा लाडू उचलला, त्याचे दोन तुकडे केले आणि अर्धा माझ्या ताटात ठेवला. मी त्यांना तोपर्यंत दहाएक वर्षं ओळखत होते, आणि कोणाच्या नुसत्या शब्दावर त्यांनी बरं म्हटलेलं मी कधी ऐकलेलं नव्हतं. लाडू समोर असून मला तो उचलता येईना.

तेवढ्यात सासऱ्यांनी घसा खाकरला. त्यांचे कान लाल झाले होते. "अगं," ते म्हणाले, "ते लाडू मी खायचो. टेकडीवरून आलो की. तू जेवताना जे बोलायचीस ते मलाच बोलतेस असं वाटायचं मला. म्हटलं, हिला माहीत आहे, उगाच वाद कशाला. सूनबाईचं काही असेल हे माझ्या डोक्यातसुद्धा..."

मी सासूबाईंकडे बघितलं. पुरावा आयता चालून आला होता, साक्षीदारासकट. त्या नवऱ्याकडे वळल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला कोणी विचारलं होतं? मी हिला विचारलं. हिने सांगितलं. तो विषय संपलेला आहे."